एकनाथ आटोपला

त्रिवेणी आमच्या उदगीरकडची. पाणी रानात मुरावं तशी हैदराबादेत मुरली. दोन हजार तीन साली नारायणगुड्याच्या एका कचेरीत महिनाअखेरीला हजारो बिलं संगणकावर काढायचं काम तिच्याकडं होतं. एकदा आज्ञा दिली की यंत्र तासन्‌तास दळत बसे, आणि त्रिवेणी पडद्यापुढं राखण करी.

शेवटी तिनं यंत्राला शिकवलं, काम संपलं की माझ्या घरच्या संगणकावर चॅटमध्ये निरोप धाड. प्रत्येक कामाला नाव द्यावं लागे. या सर्वांत संथ कामाला तिनं वडिलांचं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी उदगीरला तिच्या भावाच्या, श्रीकांतच्या, मुलीचं बारसं होतं. नाव ठेवणारी आत्या हीच. पण बिलं निघाल्याशिवाय शहर सोडायचं नाही, असं साहेबांनी बजावलेलं. तिनं काम सुरू केलं आणि चिक्कडपल्लीच्या घरी येऊन बॅगा भरू लागली. वडील एकनाथराव धोतर नेसून, टोपी घालून संगणकापुढं बसले होते. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता येत.

"अण्णा, निरोप आला का?" तिनं आतून विचारलं.

"तुझ्यासाठी काही नाही आलं."

ऊन उतरलं. संध्याकाळची शेवटची बस जवळ आली. ती कासावीस होऊन बाहेर आली, तर पडदा बंद! तिनं तो चालू केला. इंग्रजी अक्षरांत मराठी उभी होती: एकनाथ आटोपला.

"अण्णा, हा आलाय की कधीचा!"

"वाचलाय मी. लेकीनं जित्या बापाला आटोपलं!"

"अहो, काम आटोपलं!"

"मग माझं नाव कशाला?"

"सावकाश चालतं, पण मधेच सोडून उठत नाही. म्हणून तुमचं."

म्हाताऱ्यानं टोपी नीट केली. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं गं. आण ती बॅग."

रिक्षा अफझलगंजच्या गर्दीतून स्टँडवर पोचली, तेव्हा बस हलली होती. एकनाथराव धोतर सावरत पुढं धावले आणि हात पसरून ओरडले, "ठैरो जी! बच्ची की फुप्पी आरी!"

कंडक्टर हसला. आत्यासाठी बस थांबली.

सकाळी त्रिवेणीनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्यातला एक अंमळ जोराचा होता. तो अण्णांचा.