आमची कर्व्ही बाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या ब्लाउजची शिलाई उसवली. अकोल्याला भाचीचं लग्न होतं. ती ब्लेडनं टाके काढत होती, मी कापड ताणून धरलं होतं. म्हटलं, "पुन्हा भरली तू." म्हणे, "मी नाही भरली, ब्लाउज आटला. धरा नीट."

बायकोला मीही बाईच म्हणायचो, सारी गल्ली म्हणायची म्हणून. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. मी चौथी नापास, अमरावतीत केळीची गाडी लावणारा. तिच्या अकोल्याच्या बहिणी काडीसारख्या. भेटल्या की पहिलं वाक्य, "किती जाड झाली वं ताई." बाई हसून सांगायची, "जाड पुठ्ठा असते. मी कर्व्ही आहो."

मी अर्थ विचारला, तर माझ्याच गाडीवर शिकवणी सुरू. मी केळं उचललं, "हे कर्व्ही?"

"नाही. याले एकच वाक. घाटातला रस्ता कर्व्ही. आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते." मग पदर सावरत, "बाकी तुमाले माईत आहे." गिऱ्हाईक समोर उभं. त्याला मी डझनात चौदा केळी दिली.

वापराचे नियमही तिचेच. रस्त्याला, नदीला, अक्षराला खुशाल म्हणा. बाईमाणसाला म्हणायचं तर घरच्या माणसानं, प्रेमानं. "परकीले म्हणसान तर चपलेनं मार खासान. मले म्हणा नं एकदा." वर्षानुवर्षं मागे लागली.

"माही जीभ वळत नाही," मी म्हणायचो.

"जीभ वळते. लाज वाटते म्हणा."

खरं होतं. तिला एकदा तसं म्हणायचं राहूनच गेलं. ब्लाउज उसवला, जेवलो, झोपलो. पहाटे बाई उठलीच नाही. तो दिवस स्मशानात गेला.

दुसऱ्या सकाळी पोरगा मोबाइल घेऊन आला. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा फोटो होता. नुसता चेहरा, अन् गाल कॉम्प्युटरवर बारीक केलेले. मावशीनं सुचवलं म्हणे.

"बाबा, चांगली दिसते नं?"

"कोण आहे हे?" म्हटलं.

कपाटातून शाळेच्या गॅदरिंगचा फोटो काढला. हिरवी साडी, कमरेवर हात, डोक्यापासून पायापर्यंत उभी बाई. तो घेऊन स्वतः फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानात चार माणसं होती. दुकानदार म्हणाला, "काका, श्रद्धांजलीले पूर्ण फोटो कोणी लावत नाही. कुठून कापू?"

"कुठूनच नाही," म्हटलं. "माही बायको कर्व्ही होती."