बाईंचं संगमनेर

"लाईनवर राहा हं," असं म्हणून बाई समोरच्या माणसाला तसंच उभं ठेवायच्या आणि दुसऱ्या कामाला निघून जायच्या. भाजीवालीला म्हणायच्या, रिक्षावाल्याला म्हणायच्या. एकदा अंगावर आलेल्या कुत्र्यालाही म्हणाल्या आणि ते खरोखर थांबलं. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. तोंडात दुसरं काय राहणार?

शेवगावात बाजाराच्या रस्त्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्याही गावात असं एखादं असेल, तर तिथं कोण कोण येतं ते तुम्ही पाहिलं असेलच. फॉर्म भरणारी पोरं, प्रिंटर अडलेले ग्रामसेवक. पासष्टी ओलांडलेली बाई कॉम्प्युटर कवटाळून रिक्षातून उतरली, तेव्हा मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी असणार.

"दादा, माझं संगमनेर गेलं," त्या म्हणाल्या.

मला काहीच कळेना. मशीन लावलं, तर पडद्यावर एक जुना खेळ. राज्यं वसवायची, शहरं वाढवायची, शेजारच्या राजांशी लढायचं, असला. ऑफिसातल्या कुणा ज्युनिअरनं रिटायर होता होता त्यांना तो शिकवला होता. बाईंनी एकच डाव मांडला आणि तोच सात वर्षं खेळत होत्या. त्यातल्या शहरांना त्यांनी आपल्याकडची नावं दिलेली. मधोमध शेवगाव, बाजूला तिसगाव, पाथर्डी, आणि डोंगरापलीकडे संगमनेर.

"सैन्य कुठंय तुमचं?" मी विचारलं.

"सैन्य कशाला? मी रस्ते करते."

खरोखर नुसते रस्ते होते. एका शहरातून दुसऱ्या शहरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. डोंगर फोडून संगमनेरपर्यंत.

झालं होतं असं, की पुण्याच्या भाच्यानं त्यांना नवा कॉम्प्युटर आणून दिला. त्यावर जुना खेळ चालेना, म्हणून त्यानं एक पॅच टाकला. पॅच म्हणजे कंपनीनं सोडून दिलेला खेळ नव्या मशीनवर चालावा, म्हणून हौशी लोकांनी घरी बसून केलेली दुरुस्ती. तिला कंपनीची मान्यता वगैरे काही नसते. खेळ सुरू झाला. आणि सात वर्षं गप्प बसलेल्या शेजारच्या राजानं तिसऱ्याच दिवशी संगमनेर जिंकून घेतलं. बाईंनी सवयीप्रमाणे डाव सेव्ह केला, तो जुन्याच नावावर. म्हणजे आधीचा डाव पुसला गेला.

"नवा डाव मांडा ना बाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं स्क्रू ड्रायव्हर शोधू लागलो. त्याची काही गरज नव्हती.

नशिबानं मशीन बदलताना भाच्यानं एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती. पण खेळात ती दिसत नव्हती. फाइल तर समोर होती, मग दिसेना का? तासाभरानं ध्यानात आलं. बाईंनी भाच्याला सांगून प्रतीला मराठीत नाव द्यायला लावलं होतं, 'सगळी गावं'. त्या जुन्या खेळाला देवनागरी वाचताच येत नव्हती. मी आधी तिची आणखी एक प्रत काढली, नाव इंग्रजी अक्षरांत केलं, आणि डाव उघडला. संगमनेर जागेवर होतं.

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. दोन खेळ्या झाल्या. तिसऱ्या खेळीला शेजारचा राजा पुन्हा आला.

मग मी नव्या पॅचची माहिती वाचून काढली. मूळ खेळातला शेजारी राजा जरा मठ्ठ होता. पॅच करणाऱ्यांनी त्याला हुशार केलं होतं. सैन्याविना रिकामं शहर दिसलं की तो आता सोडत नव्हता. सगळ्या जगाला ती सुधारणा वाटली असेल.

उपाय एकच होता. ह्याच पॅचचा आधीचा अवतार, ज्यात राजाला अजून हुशार केलं नव्हतं, तो शोधायचा. तो मूळ ठिकाणावरून काढून टाकलेला. हे खेळ खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक अड्डा असतो, तिथं मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. बाई रोज अकराला येऊन बाकावर बसायच्या. चौथ्या दिवशी कुठल्या देशातला कोण जाणे, एका माणसानं आपल्या जुन्या डिस्कवरून तो पाठवला. मी खेळाचा वेगळा फोल्डर केला, त्यात जुना पॅच टाकला, नव्या मशीनवर चालावा म्हणून थोडी खटपट केली, आणि डाव लावला. वीस खेळ्या झाल्या. राजा हलला नाही.

"हाय की," बाई हळूच म्हणाल्या. "हाय जागेवर."

त्या दिवशी चहा घेताना त्यांनी सांगितलं. ट्रंक कॉलच्या काळात संगमनेरला फोन लावायचा तर पलीकडे एक ऑपरेटर असायचे. एकोणीस वर्षं रोज बोलणं. व्यापाऱ्यांचे नंबर द्यायचे-घ्यायचे आणि मध्ये लाईन रिकामी असली, तर 'जेवण झालं का', 'तिकडं पाऊस हाय का', एवढंच. पाहिलं कधीच नाही. एकदा ते कुणाच्या तरी लग्नाला शेवगावला येणार होते. बाई नवी साडी नेसून ड्युटीवर गेल्या. ते आले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी म्हणाले, गाडी चुकली. मी म्हनलं, नंबर सांगा."

"आणि एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं तेव्हा? शेवटच्या दिवशी काय बोललात?"

"काय बोलणार? ड्युटीवर हुते मी."

मी म्हणालो, "बाई, संगमनेर काय अमेरिकेत आहे का? सकाळच्या गाडीनं जाऊ, संध्याकाळी परत."

"नको दादा. त्यांना माझा आवाज म्हाईत हाय. तेवढाच असू द्या."

मला राहवलं नाही. पुढं एका कामाला संगमनेरला गेलो, तेव्हा चौकशी केली. रिटायर झालेल्या त्या गृहस्थांचा ठावठिकाणा लागायला अर्धा दिवस गेला. भेटलो नाही, नंबर तेवढा मोबाइलमध्ये टिपून आणला आणि बाईंच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी ती न वाचताच पर्समध्ये ठेवली. त्याबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या. दोन दिवस दार उघडलं नाही, तेव्हा शेजाऱ्यांना कळलं. भाच्यानं घर आवरलं, कॉम्प्युटर मला देऊन टाकला. मी तो अजून विकलेला नाही.

महिन्याभरानं, दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मी तो संगमनेरचा नंबर लावला. पलीकडे म्हातारा, स्वच्छ आवाज. मी शेवगावहून बोलतोय म्हणालो आणि बाईंचं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "दिसायच्या कशा हो त्या?"

मी गडबडलो. रोज पाहिलेलं माणूस सांगायला बसलं, की काहीच सुचत नाही. म्हणालो, "बुटक्या होत्या. सावळ्या. केस सगळे पांढरे, पण लांब. हसताना तोंडावर हात धरायच्या."

"व्हय," ते म्हणाले. "त्यो हात कळायचा मला. आवाज एकदम दबायचा."

मी पुढं सांगत राहिलो. जाड भिंगाचा चष्मा, पायातली वहाण, चालताना डावीकडे झुकणं. आठवेल तेवढं सगळं सांगून संपलं आणि मी थांबलो.

"अजून सांगा," ते म्हणाले.