नेमकं बोलणाऱ्या बाई

चष्मा कपाळावर ढकलून बाई विचारत, "म्हणजे नेमकं काय?" आणि समोर मास्तर असो की मामलेदार, गडबडून जाई.

साठ सालानंतरची गोष्ट. सातपाटीतल्या एका शाळेत मी आणि बाई शेजारशेजारच्या वर्गांवर होतो. त्यांच्या दुसरीत हिरा नावाची पोर होती. अभ्यासात चोख, पण बोलण्यातली खोच तिला कळायची नाही. थट्टा कळायची नाही, राग तर मुळीच नाही.

एकदा भर प्रार्थनेत ती हेडमास्तरांना म्हणाली, "गुरुजी, तुमचा धोतर सुटलाय." खरंच सुटलं होतं, हीच तर अडचण! हेडमास्तर कडाडले, "उद्या शाळेत पाय ठेवलास तर बघ!"

दुसऱ्या दिवशी हिरा आली. उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवून म्हणाली, "ठेवला. आता काय बगू?"

तुम्ही तरी काय केलं असतं? मी तोंड फिरवून हसलो. हेडमास्तर मात्र पटावरून तिचं नाव काढायला निघाले. तिची आई मासळीची पाटी बाहेर टेकवून धावत आली. "माजी पोर उद्दट नाय हो गुरुजी!"

बाईंचा चष्मा वर गेला. "'बघ' म्हणजे नेमकं काय करायचं होतं तिनं? ती बोलणं जसंच्या तसं घेते, सर. आपणच सरळ बोलू या की."

हेडमास्तर बराच वेळ धोतराचा सोगा चाचपत राहिले. नाव राहिलं.

मग बाईंनी आम्हालाच शिकवायला घेतलं. "नीट वाग" नाही, "घंटा होईपर्यंत जागेवर बस" म्हणायचं. मी एकदा सवयीनं "डोकं खाऊ नकोस" म्हणालो, तर हिरा घाबरून दाराबाहेर! बाईंनी मला बाकावर उभं करायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढे बाईंची बदली पालघरपलीकडच्या मासवणला झाली. मला फार वाईट वाटलं. निघताना त्या सगळ्यांना "येते हं" म्हणाल्या. 'जाते' कसं म्हणायचं, ते अभद्र. हिरापाशी मात्र थबकल्या. वाकून स्पष्ट म्हणाल्या, "हिरा, मी जाते. या शाळेत परत येणार नाही."

"असा बोलू नये बाय!" जमलेल्या कोळणींनी कानांवर हात ठेवले.

हिरा म्हणाली, "बरं. मी वाट नाय बगनार." आणि रडत घरी गेली.

आम्हाला त्या 'येते' म्हणाल्या होत्या. पालघरची गाडी आली की मी कित्येक दिवस उतरणाऱ्यांकडे पाहत असे.