अक्कांचा कडबा

सोमवार, ८ नोव्हेंबर १९७६. काम कडबा तोडायचं. वितीएवढे तुकडे, लहान नाहीत, मोठे नाहीत, कारण सरांनी फळ्यावर वीत आखून दाखवली होती. आम्ही पाचजणी कोयते घेऊन बांधावर बसलो होतो आणि कुणी बोलत नव्हतं. हातात काम असताना बायका गप्प असल्या की समजावं, बोलण्यासारखं फार साचलं आहे.

मी तेव्हा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात ग्रामसेविका होते. वय अडतीस. नवरा आणि मुलं सोलापुरात, मी सोमवार ते शनिवार शाळेमागच्या खोलीत. शोषखड्डा, परसबाग आणि बिनधुराची चूल हे माझे विषय. चूल कुणी वापरत नसे, परसबाग शेळ्या खात. शोषखड्डे मात्र चालत, कारण त्यांच्याकडे नंतर बघावं लागत नाही.

सर सरकारी प्रयोगासाठी पुण्याहून आले होते. दोन वर्षं परदेशात राहून त्यांनी एक शेती शिकून आणली होती. जमीन नांगरायची नाही, कोळपायची नाही, उघडी ठेवायची नाही. पिकाच्या ओळींमध्ये काडीकचऱ्याचा जाड थर अंथरायचा. ओल आत राहते, थर कुजतो, त्याचंच खत होतं. विहीर, झाड, जनावर, माणूस, सगळं आधी कागदावर मांडायचं, मग शेतात. या मांडणीला ते रचना म्हणत आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणत, देवळात आणावा तसा.

ते खोटं सांगत नव्हते. मला जास्त राग त्याचाच. त्यांच्या ओसरीवर मातीची दोन खोकी होती, एक उघडं आणि एक झाकलेलं. दहा दिवसांनी मी स्वतः हात घालून पाहिला. उघड्या खोक्यातल्या मातीला भेगा पडल्या होत्या. झाकलेल्यातली माती मुठीत दाबली की गोळा होत होता. म्हणजे माणूस बरोबर होता. फक्त तो कुठे उभा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

सोलापूरच्या बाजूला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, दाण्यासाठी पेरतात तेवढाच कडब्यासाठी पेरतात. दाणा माणसाचा, कडबा बैलाचा. दुष्काळात इथल्या लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली होती आणि उसाच्या वाढ्यांची गाडी येते का म्हणून दिवसभर रस्त्याकडे बघत बसले होते. त्याला चारच वर्षं झाली होती. अशा गावात सरांनी मातीवर अंथरायला काय निवडावं, तर कडबा.

प्रयोगाला जमीन निवडली अक्कांची. कारण शेतीचं नव्हतं. त्यांचे वीस गुंठे रस्त्याला लागून होते आणि पाहुण्यांची जीप तिथपर्यंत येत होती. पाहुणे बुधवारी यायचे होते, सोबत फोटो काढणारा.

अक्का साठीच्या, लिंगायत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे रागावल्या की कानडीत जात. त्यांच्याकडे एक बैलजोडी होती. त्या जोडीने अक्का गावातल्या चार घरांच्या पिकातलं तण कोळपून देत आणि त्या बदल्यात त्या घरची माणसं अक्कांची काढणी करून देत. जोडी होती म्हणून अक्कांना कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. नव्या शाळूचा कडबा फेब्रुवारीच्या आत मिळत नाही. तोवर बैल जगायचे ते परड्यातल्या कडब्याच्या गंजीवर. त्या गंजीतली अर्धी आम्ही बांधावर बसून तोडत होतो.

ती अर्धी गंज मीच मागून आणली होती. गावात दुसरं कुणी पेंढीसुद्धा देईना. मी अक्कांना म्हणाले होते, "द्या तुम्ही, महिनाअखेर बदली कडबा मिळेल." तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढा मोठा प्रयोग करताहेत तर देतीलच, असं मी धरून चालले. शिवाय सोलापुरातल्या प्रशिक्षण केंद्रात एक जागा निघणार होती आणि सरांनी चार ओळी लिहून दिल्या असत्या तर मी घरी राहू शकले असते. हेही इथेच लिहून टाकते. आणीबाणीच्या त्या दिवसांत सरकारी जीपला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, अक्कांचीही नाही, आणि ते मला माहीत होतं.

दुपारपर्यंत निम्मं रान झाकून झालं. मग सर आले. पायात बूट, हातात बांबूची छडी. बायकांना बांधावर बसवून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

"माती ही आपली आई आहे. उन्हात आपण आईला उघडं ठेवू का?"

ओळीच्या टोकाला एक धनगरीण बसली होती. तिची मेंढरं माळावर होती आणि जीभ कायम तोंडाबाहेर.

"सायेब, तुमच्या गादीत काय भरलंय?"

"माझ्या? कापूस. का?"

"न्हाय, मातीला एवढं चांगलं हातरून घालताय, म्हणून इचारलं. आमची मेंढरं आनू का हितं? एका दुपारीत हातरून, पांगरून समदं आवरून जातील."

बायका हसल्या. सरही हसले, पण उशिरा. मग छडीने ओळ दाखवत म्हणाले, "मेंढरं इथे यायची नाहीत. शेताभोवती कुंपण हवं. रचनेत तसं दाखवलेलं आहे."

"कुंपनाला काटं कुणी आनायचं?" धनगरीण म्हणाली. "रचना आननार व्हय?"

अक्कांनी विचारलं, "सर, ह्ये असंच पडून ऱ्हानार?"

"हो. कुजेल. त्याचं खत होईल."

"मग बैल काय खातील?"

सर त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. लहान मुलाशी बोलताना मोठी माणसं बसतात तसे. "अक्का, नीट विचार करा. नांगरायचं नाही, कोळपायचं नाही. मग बैल हवेत कशाला? बैल तुमच्या गळ्यातलं लोढणं आहेत. विकून टाका. वर्षभराचा चारा वाचेल, तो मातीला मिळेल."

त्यांच्या कागदावर हे अगदी बरोबर जुळत होतं. मी तो कागद पाहिला होता. गोठ्याच्या जागी शेवग्याची दोन झाडं काढलेली होती.

अक्का म्हणाल्या, "बेडा." नको. मग मराठीत आल्या. "बैल इकायचं न्हाय. बाईंनी सांगितलंय, म्हयनाअखेर बदली कडबा देनार म्हणून. तेवडा द्या, म्हंजी झालं."

सर माझ्याकडे वळले. "असं कुणी सांगितलं? आपल्याकडे तशी तरतूद नाही."

मी म्हणाले, "मी सांगितलं."

"कशाच्या आधारावर?"

बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. अक्का मात्र बघत नव्हत्या. त्यांनी पदराला चिकटलेली कडब्याची कुसं एकेक करून काढली, कोयता उचलला आणि घराकडे गेल्या.

धनगरीण उठता उठता म्हणाली, "बाई, तुमी तरी आमच्यातल्या वाटत हुता."

तिला त्यावर टोला दिला असता, पण सुचला नाही. आजही सुचलेला नाही.

सगळ्या गेल्यावर मी सरांना बांधावर अडवलं. उत्तरेच्या बांधावर गेल्या साली काढलेल्या करडईचं काड ढीग करून ठेवलेलं होतं. काटेरी, त्यामुळे जनावर त्याला तोंड लावत नाही. चुलीत जातं नाहीतर कुंपणाला.

"हे अंथरू," मी म्हणाले. "झाकायचंच आहे ना? मातीला कशाने झाकली ते कळत नाही. कडबा परत देऊ."

"करडईचे काटे लोकांच्या पायांत जातील. पाहुणे चपला घालून येतात."

"मग पाहुण्यांनी बांधावरून बघावं."

"आणि फोटोत ते मळकट दिसतं. कडब्याचा रंग बघा. सोन्यासारखा दिसतो." ते खरंच कौतुकाने बघत होते. "बाई, तुम्ही तुमच्या शोषखड्ड्यांकडे लक्ष द्या. रचना हा तुमचा विषय नाही. आणि त्या जागेसाठी अर्ज केला आहात ना? मग जरा समजुतीने घ्या."

मी म्हणाले, "ढग येताहेत. भिजला तर कडबा काळा पडेल. काळा कडबा बैल हुंगून सोडतात."

"भिजला तर उत्तम. लवकर कुजेल."

पूर्वेला खरोखरच ढग होते. या दिवसांत आमच्याकडे दोन-चार सरी येऊन जातात. शाळूला त्या हव्याच असतात, त्यामुळे नको म्हणायचीही सोय नाही. मी खोलीवर आले. भाकरी थापली, अर्धी खाल्ली. नवऱ्याला पत्र लिहायला घेतलं, जागेबद्दल. दोन ओळी लिहिल्या आणि कागद चुलीत घातला. मग कोपऱ्यातली रिकामी बारदानाची पोती काढून झटकली. बियाण्याची होती, एकवीस निघाली.

मंगळवारी पाऊस नव्हता. दव होतं. दवात कडबा मऊ पडतो, पाला झडत नाही. म्हणून कडबा उचलायचा तो उजाडायच्या आत, हे इथल्या लहान मुलीलाही माहीत असतं. मी साडेपाचला शेतात होते. रस्त्याच्या बाजूने सुरुवात केली, कारण पाहुणे आधी तीच बाजू बघणार होते. ओळीत वाकायचं, दोन्ही हातांनी ओढायचं, झटकायचं, पोत्यात कोंबायचं. शाळू गुडघ्याएवढा होता, रोपं सांभाळून काम करावं लागत होतं. तिसऱ्या पोत्याला अक्का आल्या. हातात कंदील, डोक्यावर पदर. काय करताय, असं त्यांनी विचारलं नाही.

"त्या वळीतला ऱ्हायला की," म्हणाल्या.

मी मागे जाऊन तो उचलला.

त्यांनी कंदील बांधावर ठेवला आणि पलीकडच्या ओळीत वाकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर आधी इचारून बोलावं, बाई. मी सांगितलं असतं कसं बोलायचं ते."

"चुकलं."

"व्हय, चुकलंच."

तेवढ्यावर ते संपलं. उजाडताना धनगरीण माळाकडे निघालेली आली, बघून थांबली आणि मेंढरं तशीच रस्त्यावर सोडून कामाला लागली. मेंढरांनी कडेच्या दोन ओळींचे शेंडे खाल्ले. त्यावर अक्कांनी तिला कानडीत जे सुनावलं ते मला कळलं नाही, तिला कळलं.

साडेसातला सर आले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. अठरा पोती बांधावर उभी होती आणि रान उघडं.

"हे काय चालवलंय? बाई, हा माझा प्लॉट आहे!"

"रान अक्कांचं आहे," मी म्हणाले. "कडबा पण. दुपारपर्यंत करडईने झाकून देते. ओल तेवढीच राहील. तुम्हीच शिकवलंय."

"मी तुमच्याविरुद्ध लिहिणार आहे. आजच."

"लिहा. जागेचा अर्ज मी मागे घेते, म्हणजे तुम्हाला एकच कागद लिहावा लागेल."

ते पुण्याच्या मराठीत बरंच बोलले. अक्का मध्येच गोठ्याकडे गेल्या आणि बैल सोडून आणले, कोळपं खांद्यावर. सरांच्या अगदी पुढ्यात जोडी उभी केली.

"आदी कोळपू द्या. भेगा मिटू द्या," त्या मला म्हणाल्या, सरांना नव्हे. "मग टाका तुमचं काटं. उघड्या भेगंवर पांगरून घालून काय उपेग?"

हे सरांच्या कागदावर नव्हतं. माझ्याही नव्हतं.

पोती धनगरणीने आणि मी अक्कांच्या गोठ्यात नेली. कडब्याला माती लागली होती, म्हणून दावणीजवळ रचताना मी प्रत्येक मूठ पुन्हा झटकली. परत आले तेव्हा पहिल्या ओळीत कोळपं फिरलं होतं आणि भेगा बुजल्या होत्या. मी पदर खोचला, दोन्ही हातांना फडकी गुंडाळली आणि बैलांच्या मागून करडईचं काड अंथरायला लागले.