सायकलवाला नवरा

रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या संपल्या की मी कस्तुरचंद पार्कवर फिरायला जाई. तिथे पन्नाशीची एक बाई नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून सायकल शिके. नवरा कॅरिअर धरून मागे धावे. पडली की ती आधी घंटी वाजवून बघे, मग स्वतःचा गुडघा.

एकदा मी विचारलंच, "या वयात काहून हा खटाटोप?"

"मी पोरगी होती तं वाटे, सायकलवाला नवरा भेटावा. भेटला, भाऊ! आता वाटते, आपणच चालवावी."

त्याच दिवशी नवऱ्याचा हात सुटला आणि ती पडलीच नाही! घंटीनं अख्खं मैदान दणाणून सोडत निघाली. मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

नवरा धापा टाकत ओरडला, "थांब वं, मले मांगं बसू दे!"

पण थांबायचं तिला अजून येत नव्हतं.