पुढच्या जिन्यातला डबा

गुरुवार, १२ मार्च. दूध उशिरा आलं. पाण्याची टाकी धुतली. दाराशी सोसायटीच्या अध्यक्षांचा नवा फलक. मागच्या अंगणातला खतखड्डा ठेवायचा की बुजवायचा, रविवारी सभेत ठरणार. गुडघा बरा.

मेट्रनबाईंनी वही मिटली, पण मन काही स्वस्थ बसेना. उभं आयुष्य इस्पितळात गेलेल्या या बाई. त्यांच्या वॉर्डात मोठमोठे डॉक्टरसुद्धा हात धुतल्याशिवाय खाटेजवळ फिरकत नसत. यजमानांनी निवृत्तीनंतर इमारतीच्या मागे तो खड्डा खणला. पुढे ते गेले, खड्डा राहिला. आता अध्यक्षांना तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या.

फलक होता असा: ‘या इमारतीतले बहुतेक लोक ओला-सुका कचरा एकत्रच टाकतात. लाज बाळगा!’

“बरं खडसावलंय,” मेट्रनबाई म्हणाल्या होत्या.

“आई, हा फलक खड्ड्याच्या मुळावर येणार,” सून म्हणाली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. पाणी, वीज, कचरा याबद्दल लोक बोलतात एक आणि वागतात दुसरंच, ते का, हा तिच्या अभ्यासाचा विषय. “बहुतेक जण करत नाहीत असं वाचलं की लाज वाटत नाही, सोबत मिळते. मग वेगळा ओला कचरा येणार कुठून आणि खड्डा टिकणार कसा?”

“मी अख्खा वॉर्ड लाजेवर चालवला.”

“लाजेवर नाही. तुम्ही रोज सगळ्यांदेखत नळाशी उभ्या राहून हात धुवायचात, म्हणून चालला.”

सुनेचं म्हणणं लगेच मान्य करणं मेट्रनबाईंच्या तत्त्वात बसत नसे. पण दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली एकच गच्च पिशवी घेऊन दिसली. कांद्याची सालं, चिंध्या, फुटकी बाटली, सगळ्यांचा एकत्र संसार.

“अगं, तू तर नेमाने वेगळा करायचीस!”

“करायचे. पण सगळे मजेत आणि मीच एकटी शहाणी? मला कुठे हौस आलीय!”

एकटी? मेट्रनबाई थबकल्या. त्या स्वतः वेगळा करत होत्या, तळमजल्यावरचे घड्याळवाले काका करत होते. पण हे हिला कळणार कुठून? कचरा मागच्या लोखंडी जिन्याने, झाकूनपाकून न्यायचा, असा इमारतीचा नियमच होता. कोणाचं चांगलं वागणं कोणाच्या दृष्टीस पडतच नव्हतं.

त्या संध्याकाळी पुढच्या जिन्यात, स्वतःच्या दाराशी, त्यांनी ओल्या कचऱ्याचा डबा उघडाच मांडला. सोबतच हवी ना? मग घ्या सोबत!

अध्यक्ष धापा टाकत वर आले. “मेट्रनबाई, पुढच्या जिन्यात डबा? नियम आहे!”

“आहे.”

“तुम्ही चिटणीस होतात तेव्हा तुम्हीच केलात!”

“मीच केला, म्हणून मीच मोडतेय. दुसऱ्याचा असता तर जरा संकोच वाटला असता.”

“उचला तो आधी.”

“तुम्हीच उचला. जड नाहीये. खड्ड्यात नेऊन ओता, म्हणजे गाडीची जागाही पाहून होईल.”

“दंड करीन!”

“करा. पावती दारावर चिकटवा, येणारे-जाणारे वाचतील.”

अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सकाळी पाहतात तर घड्याळवाल्यांच्या दाराशीही डबा. काकांनी तो वर्तमानपत्राने झाकला होता. मेट्रनबाईंनी जाता जाता कागद काढून घडी करून ठेवला. दुपारी शिवणवाली दोघांचे डबे पाहून खो-खो हसली, “म्हणजे तुम्हीसुद्धा?” आणि आपलाही आणून ठेवला. वरच्या मजल्यावरून टोमणा आला, “काय, जिन्यात मंडई भरवणार का?” पण टोमणा मारणारीच्या दाराशीही रात्री एक छोटी बादली दिसली.

रविवारी सभेत अध्यक्षांनी विचारलं, “खड्डा बुजवायला कोणाची हरकत? हात वर करा.” एकट्यादुकट्याने कोणी हात वर करणार नाही, याची त्यांना खात्री होती.

मेट्रनबाईंचा हात सरळ वर गेला. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, हातही खाली घेतला नाही. मग शिवणवालीचा हात उठला, मग काकांचा, मग हात उठतच गेले. डबे सगळ्यांनीच पाहिले होते. अध्यक्षांनी मोजायचं सोडून दिलं.

“पुढच्या सभेत बघतो,” ते पुटपुटले.

“बघा की. मी कुठे जातेय!”

‘तुझंच बरोबर होतं’ असं काही त्या सुनेला म्हणाल्या नाहीत. चहा मात्र तिच्या हातात आणून दिला. मग वही उघडली.

रविवार, १५ मार्च. खड्डा राहिला. जिन्यातल्या डब्याला मुंग्या लागल्या, भोवती खडूची रेघ मारली.