बाबांचं लाल बटण

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात कासव म्हणतो. हे नाव बाबांनी ठेवलं. बाबांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. त्यांच्या हाताखालून शेकडो लोक शिकून गेले, पण पोटचा मुलगा काही तिसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. मी त्याच्या अगदी उलट. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझंच उत्तर तयार असतं.

कासव वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात काट्यांचे प्रोग्रॅम लिहितो. दुकानात काट्यावर काही ठेवलं की आकडे क्षणभर नाचून थांबतात ना, ते थांबवण्याचं काम तो अठरा वर्षं करतोय. याहून जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, बाबांना झटका येईपर्यंत.

झटक्यात बाबांचं डोकं शाबूत राहिलं, अक्षरओळख शाबूत राहिली. जीभ मात्र गेली आणि हातपायही जवळजवळ गेले. उरला डावा हात, तोही कसाबसा. ज्यांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही ते बाबा खिडकीकडे बघत बसायला लागले. तेव्हा कासवाने भंगारात निघालेल्या एका काट्याचा बोर्ड घरी आणला आणि त्याला पडदा, स्पीकर आणि एक मोठं लाल बटण जोडलं. पडद्यावर अक्षरं एकामागून एक सरकतात, हवं ते आलं की बाबा बटण दाबतात, आणि वाक्य जुळलं की डबा ते बोलून दाखवतो. पडद्याने काय दाखवायचं, बटण दाबलं गेलं का, आवाज कधी काढायचा, हा आतला सगळा घरकारभार बघणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम त्याने स्वतः लिहिली.

"तयार मिळत नाही का रे?" मी विचारलं होतं.

"मिळते. पण ती या बोर्डात मावत नाही."

वर्षभराचे रविवार त्यात गेले. बाबांनी डब्यातून काढलेलं पहिलं वाक्य होतं, "पुढे बघ." गाडीतलं त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी कायमचं साठवून ठेवायला लावलं आणि दिवसातून दहादा आमच्यावर वापरलं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी त्या डब्यावर माझा चहा सांडला. मी बाबांकडे पाठ करून फोनवर कुणालातरी झापत होते. कप डब्याशेजारी मीच ठेवला होता. खळकन आवाज आला, वळून बघते तर चहा फटीतून आत चाललेला आणि पडदा काळा ठिक्कर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कासवाने डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, "बोर्ड गेला." तसला बोर्ड आता कुणी बनवत नाही. त्याने कारखान्यातून नवा आणला, पण जुन्या कंपायलरला त्या नव्या बोर्डावरची चिप ओळखता येईना. कंपायलर म्हणजे दुभाषा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो चिपला कळेल अशा बोलीत उतरवून देतो. म्हणजे आता नवा दुभाषा आणणं भाग होतं. कासवाने रजा टाकली आणि जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकला.

बाबांना व्यायाम देणाऱ्या बाई त्याच दिवशी आल्या होत्या. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "बटण दाबायची सवय मोडू देऊ नका. आता सुटली तर परत येईलच असं नाही."

नव्या कंपायलरने पहिल्याच फटक्यात तीनशे बारा चुका काढल्या. मी डोक्याला हात लावला. कासवाने फक्त पहिली चूक वाचली, ती दुरुस्त केली, पुन्हा चालवून बघितलं. उरल्या दोनशे नव्वद.

"एक काढली की तिच्यामागे लागलेल्या आपोआप जातात," तो म्हणाला. "जुना चालवून घ्यायचा गं. एकच नाव मी दोन फायलींमध्ये ठेवलं होतं, त्याने गुपचूप एक करून टाकलं. हा म्हणतो, नक्की कुठलं ते आधी सांग."

इकडे बाबा सोमवारभर बोटाने टेबलावर टकटक करत राहिले. मी जाता-येता म्हणायचे, "रागावलायत ना माझ्यावर? कळतंय मला. चुकलंच माझं," आणि स्वयंपाकघरात पळायचे. मंगळवारी टकटक कमी झाली. बुधवारी त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "पाणी हवंय, बाबा? नको? बरं." मी ग्लास परत घेऊन गेले.

बुधवारी दुपारी चुका संपल्या. डबा सुरू झाला, पडदा उजळला, अक्षरं सरकायला लागली. मी बाबांचा हात उचलून बटणावर ठेवला. त्यांनी दाबलं. काहीच झालं नाही. चार वेळा, पाच वेळा दाबलं. अक्षरं आपली सरकतच होती. मग बाबांनी हात चादरीत ओढून घेतला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते.

"जुन्यावर चालत होतं ना? मग याला काय धाड भरली?"

"माहीत नाही," कासव म्हणाला आणि स्क्रू काढायला लागला.

गुरुवारी सकाळी त्याने बटण बदललं, तारा बदलल्या, फरक शून्य. मग बटण वर आहे की खाली ते पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी एक ओळ त्याने प्रोग्रॅममध्ये घातली. आणि डबा चालायला लागला. ओळ काढली, बंद. परत घातली, चालू.

"मग राहू दे की ती ओळ!"

"नाही. का चालतं ते कळलं नाही, तर उद्या का बंद पडलं तेही कळणार नाही."

कंपायलरने चिपसाठी काय लिहून दिलंय ते त्याने कागदावर छापून घेतलं आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत बसला. मला वाटलं, ती पट्टी घेऊन त्याच्याच पाठीत घालावी. दोन तासांनी तो एकटाच हसला.

"ताई, हा बटणाकडे एकदाच बघतोय."

"म्हणजे?"

"जुना मठ्ठ होता बिचारा, दर वेळी जाऊन बघून यायचा. हा हुशार आहे. सुरुवातीला एकदा बघतो, तेव्हा बटण दाबलेलं नसतं. मग स्वतःच ठरवतो, उत्तर 'नाही' आहे, आता परत कशाला विचारा. माझी ती ओळ मध्ये आली की त्याला पुन्हा बघावं लागतं, म्हणून चालतं."

"म्हणजे चूक त्याची."

"माझी. बटण बाहेरचा माणूस केव्हाही दाबू शकतो, तेव्हा दर वेळी बघ, असं त्याला सांगायला हवं होतं. इतकी वर्षं मी सांगितलंच नाही." त्याने बटणाच्या नावाआधी एक शब्द टाकला, व्होलाटाइल, म्हणजे 'केव्हाही बदलेल असं'. एवढंच.

"पाणी हवंय, बाबा? नको? बरं." हे मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

डबा बाबांसमोर ठेवला, माझा चहा मुद्दाम लांब कपाटावर. बाबा हात बाहेर काढेनात. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाबा, सोमवारी काय सांगत होता?" आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तराची वाट बघितली. पडद्यावरून सगळी अक्षरं एकदा सरकून गेली, दुसऱ्यांदा गेली. कासव मागे पट्टी हातात धरून उभा होता. तिसऱ्या फेरीला चादर हलली. हात बटणावर आला, बटण खटकन दाबलं गेलं आणि पडद्यावर एक अक्षर थांबलं. माझा जीव भांड्यात पडला.

वाक्य जुळायला अकरा मिनिटं लागली. मग डबा बोलला.

"कप मी पाडला. तुझा चहा गार होत होता. तुझ्याकडे सरकवत होतो."

चार दिवस ते एवढंच सांगत होते आणि मी त्यांच्या वतीने रागावून घेत होते. मी त्यांच्या हातावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. रडता रडता हसायलाही येत होतं, कारण चार दिवसांचं ओझं उतरलं होतं आणि बोट अजून चालत होतं. कासवाने नाक ओढलं आणि पट्टी खिशात घातली.

बटण पुन्हा वाजलं. या वेळी वेळ लागला नाही, वाक्य साठवलेलंच होतं.

"पुढे बघ."

मी वर बघितलं. बाबांची नजर कपाटावरच्या कपाकडे होती. चहा अर्थातच गार झाला होता. मी तो आणला, त्यांच्यासमोर बसले आणि शेवटच्या घोटापर्यंत तसाच प्यायले.